घराचा कौल

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की कोणीतरी दार ठोठावतं आणि विचारतं, वाचनालय खरंच बंद होणार का. त्यांना सांगता सांगता तुला सांगायचं राहून गेलं. तेव्हा आता सगळं सुरुवातीपासून वाच, आणि वाचताना गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या काड्या वाकवत बसू नकोस.

आपल्या घरपट्टीत वाचनालय कर म्हणून एक छोटीशी रक्कम असते. तुला ते ठाऊक नसणार, कारण घरपट्टी मी भरते. तेवढ्या करावर इथले दिवे, इथली पुस्तकं आणि मी असे तिघं जगतो. तो कर तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हा ठरला आणि तेव्हापासून आहे तिथेच आहे. आता मुलांच्या खोलीचं छप्पर गळतं, नवी पुस्तकं येणं थांबलंय, आणि माझ्या हाताखालचा माणूस गेला त्याच्या जागी कोणी आलंच नाही. नगरपालिकेने ठरवलंय की कर वाढवायचा तरी, नाहीतर काढून तरी टाकायचा. काढला तर वाचनालय बंद आणि इमारत भाड्याने. समोरचा फर्निचरवाला परवाच येऊन हॉलची लांबी पावलांनी मोजून गेला. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि वाचायला मासिक दिलं. दुसरं काय करणार?

निर्णय घरमालकांनी करायचा आहे. एका घराला एक कौल. कागदावर 'हवा' किंवा 'नको' लिहायचं, घर ज्यांच्या नावावर आहे त्या सगळ्यांनी खाली सही करायची आणि कागद नगरपालिकेच्या पेटीत टाकायचा. आपल्या गावाची रीत तुला आठवत असेल, घराचा कौल झाकलेला नसतो. रोज संध्याकाळी पेटी उघडतात आणि कुठल्या घराने काय लिहिलं ते फळ्यावर लावतात. फळा गावात एकच, वाचनालयाच्या दारातला. त्यामुळे लावायचं काम माझ्याच गळ्यात.

आई-बाबांचं घर तुझ्यामाझ्या नावावर आहे, म्हणून आपला कागद तुझ्याकडे पाठवतेय. त्यावर शब्द तू लिही. माझा पगार याच करातून येतो, आणि आपल्याच ताटात आपणच वाढून घेणं मला बरं दिसत नाही. बेकरीवाला म्हणत होता की तुमचं घर 'हवा' म्हणणारच, त्यात भावाला विचारायचं काय. मी त्याला सांगितलं की घराचे मालक दोघं आहेत आणि दुसऱ्यालाही डोकं आहे, निदान माझा तसा समज आहे. तू जे लिहिशील त्याच्याखाली मी सही करीन. हा माझा शब्द.

बेकरीवाल्याचं मात्र नवल वाटतं. पहाटे भट्टी पेटवतो, दुपारी इथे येऊन सगळ्यात जाडजूड पुस्तक उघडतो आणि त्यावर डोकं ठेवून झोपतो. घोरायला लागला की मी पंखा बंद करते. तो जागा होतो, पान उलटतो आणि परत झोपतो. वाचनाची गोडी म्हणतात ती हीच असावी.

गुडघा ठीक आहे, विचारू नकोस. वहिनीला आशीर्वाद. लोभ आहेच, त्यात वेगळी भर घालण्याची गरज नाही.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद मिळाला. माझ्या डोक्याविषयीच्या तुझ्या समजाबद्दल आभारी आहे, पण तो आता बदलेल. मी 'नको' लिहिलंय, सही केलीय आणि कागद सोबत आहे. रागावून पत्र टाकून देऊ नकोस, पुढे वाच.

लोकांना तोंडावर सांगायला माझ्याकडे पुष्कळ कारणं आहेत. हल्ली सगळे फोनवर वाचतात. ज्याला वाचायचंय त्याने वर्गणी भरावी. मी ज्या गावात राहत नाही तिथल्या छपराचे पैसे मी का द्यावेत. ही कारणं खोटी नाहीत, पण मी 'नको' लिहिलं ते त्यांच्यासाठी नाही.

गेल्या थंडीत तू शिडीवरून पडलीस. हे मला तुझ्याकडून कळलं नाही, तिसऱ्याकडून कळलं. मी फोन केला तर म्हणालीस, जरा टेकले होते. ताई, शिडीवरून कोणी टेकत नाही. बारा वर्षं झाली मी तुला आमच्याकडे ये म्हणतोय. दरवर्षी तुझं एकच उत्तर, मी आले तर वाचनालय कोण बघेल. आधी माणूस नव्हता म्हणून, मग छप्पर गळतं म्हणून, मग मुलांच्या परीक्षा जवळ आल्या म्हणून. तिथली जी मुलं तुला प्रिय आहेत त्यांची आता लग्नं झाली, तरी त्यांच्या परीक्षा काही संपत नाहीत.

वाचनालयच राहिलं नाही तर तुला यावं लागेल, एवढा सरळ हिशेब मी केला. हा स्वार्थ आहे हे मला कळतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. माझे बूट, माझा अभ्यास, माझा ताप, सगळं तू बघितलंस, आणि ते करता करता स्वतःचं काही करायचं विसरून गेलीस. आता संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही जेवायला बसतो तेव्हा तू तिथे एकटी एका ताटावर बसली असशील हे मनात येतं आणि माझा घास खाली उतरत नाही. मला माझी बहीण हवी आहे. गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने बघावं.

शब्द दिला आहेस, तेव्हा सही कर. राग आला तर इथे येऊन चार शिव्या दे, मी ऐकून घेईन.

लोभ कमी करू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

('उत्तम' या वेळी गाळलंय. लक्षात आलं असेलच.)

सही केली. काल कागद पेटीत टाकला. संध्याकाळी तोच कागद बाकीच्यांबरोबर माझ्या हातात आला आणि मी तो फळ्यावर लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. आपल्या घराचा नंबर, खाली तुझं ऐसपैस अक्षर, 'नको', आणि खाली आपल्या दोघांच्या सह्या. दिला शब्द पाळायचा हे आपल्याला बाबांनी शिकवलं. शब्द देताना विचार करायचा, हे शिकवायचं मात्र ते विसरले.

आज सकाळी कुलूप काढायला गेले तर फळ्यापुढे घोळका. मला पाहिल्यावर सगळे बाजूला सरकले. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला तर आयतं कोलीत मिळालंय. तो पहिल्यापासून कराच्या विरोधात आहे आणि ते उघड सांगतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता खुर्चीत बसेल त्या प्रत्येकाच्या गळ्याभोवती कापड बांधून तो विचारतो की जिचं पोट त्या वाचनालयावर आहे तिच्याच घराला ते नको असेल, तर आपण कशाला भुर्दंड सोसायचा. वस्तऱ्याखाली मान असलेला माणूस काय वाद घालणार? आपल्या गल्लीतल्या काही घरांनी आज 'नको' लिहिलं. परवापर्यंत ती 'हवा' म्हणत होती.

मला लोक विचारतात, ताई, हे असं कसं? मी त्यांच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारून देते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आणि सांगू तरी काय, की माझ्या भावाने माझ्या मायेपोटी माझ्याच पायावर धोंडा पाडला?

आता मी तुझ्याकडे का येत नाही, ते ऐक. तू कधी विचारलं नाहीस. तू फक्त ये म्हणालास.

तुमच्याकडे मी पाहुणी असते. वहिनी मला कप विसळू देत नाही. तू मला खिडकीजवळची खुर्ची देतोस आणि पायाखाली उशी सरकवतोस. संध्याकाळी दोघं थकून घरी येता आणि माझं मन रमवायला बसता. आठवड्यात मला कळेनासं होतं की मी सकाळी उठते कशासाठी. इथे मी लागते, धाकट्या. शिवणकाम करणाऱ्या बाईंना सरकारी अर्ज वाचून दाखवायला मी लागते. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घराला कुलूप असतं त्या पोरांना मी लागते. एकटी जेवते म्हणून तुझा घास उतरत नाही, पण जेवताना मी कधीच एकटी नसते. समोर पुस्तक असतं आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाला द्यायचं याचा विचार असतो.

शिडीवरून पडले, हे खरं. तुला सांगितलं नाही, कारण तू असलंच काहीतरी करशील हे मला ठाऊक होतं.

कौल अजून तीन आठवडे चालणार आहे. त्यानंतर कदाचित तुझी इच्छा पुरी होईल. पण मी येईन का, ते मला आज सांगता येत नाही.

राग आहे, तरी लोभ आहे. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतेय.

ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

मी कधी लिहीत नाही, पत्राच्या खाली नमस्कार तेवढा चिकटवते, हे तुम्ही मला नेहमी ऐकवता. आज लिहितेय, तेही वॉर्डातल्या टेबलावर, औषधांच्या ट्रेशेजारी. ड्यूटी संपायला अजून वेळ आहे आणि पेशंट शांत आहेत.

तुमचं पत्र यांनी दुकानात वाचलं. दुकान अर्ध्यातच मिटून घरी आले. मी विचारलं तर पत्र माझ्यापुढे ठेवलं. मला त्या 'नको'चा पत्ताच नव्हता, वन्सं. मी यांना विचारलं की जगाच्या चष्म्याचे नंबर काढता आणि आपल्या बहिणीला काय दिसतं ते एकदाही विचारावंसं वाटलं नाही? फार लागलं त्यांना. पण लागायलाच हवं होतं.

माझंही चुकलं. तुम्हाला कप विसळू दिला नाही तो मान म्हणून. तुम्हाला त्याचं ओझं होत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला तुम्ही इथे हव्या आहात, अगदी मनापासून. पण हरवून आणलेली नणंद मला नको.

हे उद्या सकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघतायत. कौलाचा कागद बदलून मागणार म्हणे. दुकानाला कुलूप लावलंय आणि दारावर पाटी टांगलीय की मालक महत्त्वाच्या कामासाठी परगावी. हे पत्र त्यांच्याच खिशात देतेय, म्हणजे पोचेल की नाही शंका आहे. फार बोलू नका त्यांना. थोडंसं बोला.

आशीर्वाद असू द्या, आणि माझ्या न लिहिण्याची माफी आजच्या पत्रावर भागवून घ्या.

तुमची,
वहिनी

दि. १ मार्च

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. त्याने ते दुसऱ्या दिवशी खिशातून काढलं, पार चुरगळलेलं. नवरा परत पाठवलाय, तो धडधाकट पोचला असेल. पण तो तुला सगळं सांगणार नाही, म्हणून मी सांगते. बसून वाच, हसू येईल.

आला तो तडक नगरपालिकेत. कर विभागातल्या बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की पेटीत पडलेला कागद परत मिळत नाही आणि बदलत तर नाहीच. हा वाद घालायला लागला. बाईंनी खिडकी ओढून घेतली. मग तो तरातरा सलूनमध्ये गेला आणि खुर्चीत जाऊन बसला. सलूनवाल्याने कापड बांधलं आणि नेहमीचं कीर्तन सुरू केलं, त्या घराचं बघा म्हणून. आपला धाकटा म्हणाला की ते घर माझं आणि तो 'नको' माझा. कात्री थांबली. मागे बाकावर पाचसहा जण बसले होते. त्यांच्यादेखत याने सांगितलं की मला वाचनालयाचं बरंवाईट काही कळत नाही, मला बहीण माझ्या घरी हवी होती म्हणून मी तसं लिहिलं, आणि तिने शब्द पाळायचा म्हणून सही केली. सलूनवाला म्हणाला, हे मला सांगून काय उपयोग, फळ्यावर लिहा. त्याला वाटलं असेल, हा काय लिहितोय.

अर्धे केस कापलेले तसाच उठला. माझ्याकडे येऊन मोठा कागद मागितला. कशाला ते सांगितलं नाही. मी समजले, नगरपालिकेला अर्ज करायचा असेल. मी आत पुस्तकं लावत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. जाऊन पाहते तर आपल्या घराच्या कौलाखाली हा कागद, आणि शेजारी अर्धं डोकं भादरलेला तुझा नवरा. कागदावर काय होतं ते जसंच्या तसं लिहिते:

हा 'नको' माझा आहे, माझ्या ताईचा नाही. वाचनालय बंद झालं तर ती माझ्याकडे राहायला येईल म्हणून मी तो लिहिला. चूक झाली. कागद बदलता येत नाही, पण आमच्या घराकडे बघून कोणी आपला कौल ठरवू नये. — तिचा धाकटा भाऊ

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात मी घरचं बाहेर सांगितलं नाही, आणि हा बाजारात ओरडून आला. मी कागद काढायला पुढे झाले तर बेकरीवाला मध्ये आला. म्हणाला की फळ्यावर कागद लावायचं काम तुमचं, काढायचं नाही. एवढा जागा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग तो दोन दिवस वाचनालयात बसून होता. पुस्तकाला हात लावला नाही, पण ज्याचा चष्मा नाकावरून घसरत होता त्याला जवळ बोलावून काड्या नीट केल्या, स्क्रू पिळले. लोक रांग लावून आले. शिवणकाम करणाऱ्या बाईंना सांगितलं की तुमचा नंबर बदललाय, दोरा ओवता येत नाही तो वयामुळे नाही. शाळा सुटल्यावर ती पोरं आली आणि त्याच्या डोक्याकडे बघून जी हसायला लागली ती थांबेनात. मीही हसले. आई गेल्यानंतर तो पहिल्यांदा माझ्याबरोबर इथे आला होता तेव्हा असाच एका कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे टकमक बघत होता. त्या दिवशी तो किती लहान दिसत होता हे मला एकदम आठवलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

जाताना सलूनवाल्याने त्याचे उरलेले केस कापून दिले. पैसे पुरे घेतले. कौल मात्र बदलणार नाही म्हणाला.

दार लावल्यावर मी तो कागद पुन्हा एकदा वाचला. कोणी बघत नव्हतं म्हणून दोनदा वाचला.

तुझ्यावरचा लोभ या पत्रामुळे वाढला आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी,
वन्सं

दि. ७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू आमच्या हिला सगळं लिहिलंस. ती वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवते. आता नर्सेस माझ्याकडे चष्म्याला आल्या की आधी माझ्या डोक्याकडे बघतात.

दोन दिवस मी तुझ्या वाचनालयात बसलो आणि काय पाहिलं ते लिहायचा प्रयत्न केला, पण मला ते जमत नाही. एवढंच सांगतो. तू एका बाईच्या शेजारी बसून अर्ज भरत होतीस, ती घाबरून एकेक शब्द विचारत होती, आणि तुझा चेहरा माझ्या घरच्या खिडकीत मी कधी पाहिला नाही तसा होता. मला लाज वाटली. मी तुझी काळजी करतो असं इतकी वर्षं म्हणत होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती काळजीच होती, तू नव्हतीस.

तर आता ऐक. कौल काहीही लागो, मी तुला पुन्हा ये म्हणणार नाही. कर वाढला तर घरपट्टीतला माझा वाटा मी दरवर्षी स्वतः घेऊन येईन आणि चार दिवस राहीन. पाहुण्यासारखं वागवू नकोस, कप मी विसळीन. वाचनालय बंद झालं तरी तुला ओढून आणणार नाही. मग तू सांगशील ते करू.

शिडी मात्र बदल. लोखंडी घे, रुंद पायऱ्यांची. एवढं ऐकावं.

लोभावर माझा हक्क नाही हे या महिन्यात कळलं, तरी मागतो.

तुझा,
धाकटा

दि. १६ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

कौल लागला. कर राहिला, वाढीव कर राहिला. काठावर राहिला, पण राहिला. नगराध्यक्षांनी वाचनालयातच वाचून दाखवलं, कारण एवढी माणसं मावतील असा दुसरा हॉल गावात नाही. हे त्यांना त्याच वेळी कळलं असावं. फर्निचरवाल्याने पहिलं माझं अभिनंदन केलं आणि बाकं जुनी झालीत म्हणाला. सलूनवाल्याच्या घराने 'नको'च लिहिलं होतं. आपल्यासारखंच. त्या यादीत तो आणि आपण शेजारी शेजारी आहोत, आणि ती यादी आता कायमची नगरपालिकेत राहणार. आपल्या गल्लीतल्या बाकीच्या घरांनी उरलेल्या दिवसांत 'हवा' लिहिलं, आणि लिहिताना तुझ्या कागदाकडे बोट दाखवून दाखवून लिहिलं. तो कागद मी काढून ठेवलाय. कुठे ते सांगणार नाही.

छप्पर पावसाआधी होईल. दोन जागाही मंजूर झाल्यात. एका जागेवर एक मुलगी यायलाही लागलीय, शिकलेली आहे, आणि पहिल्याच दिवशी तिने मला शिडीवरून खाली उतरवलं. मला राग आला. मग लक्षात आलं की ती पुस्तक बरोबर जागेवर ठेवत होती.

तू लिहिलंस की पुन्हा ये म्हणणार नाहीस. इतकी वर्षं तू बोलवत होतास आणि मी नाही म्हणत होते, त्याची मला सवय झाली होती. बोलावणं थांबलं तेव्हा मला कळलं की मी स्वतःला कधी विचारलंच नाही, मला यायचंय की नाही. आता विचारलं.

पुढच्या वर्षी या मुलीच्या हातात सगळं देऊन मी निवृत्त होतेय, आणि तुमच्याकडे राहायला येतेय. घाईने ठरवलेलं नाही. वहिनीशी फोनवर बोलले. सकाळचा चहा मी करणार, आणि तिच्या वॉर्डात जे नुसते छताकडे बघत पडलेले असतात त्यांना दुपारी वाचून दाखवणार. हे तिनेच सुचवलं, म्हणजे मला लागायला जागा आहे.

तुझा हिशेब चुकला होता, धाकट्या. नुसता नाही, उलटा चुकला होता. वाचनालय बंद झालं असतं तर मी कधीच आले नसते. त्या कुलपासमोरच्या पायरीवर बसून राहिले असते, आणि तू कितीही ओढलं असतंस तरी उठले नसते. माझ्या हातून गेलेली गोष्ट सोडून मला येता आलं नसतं. ते आता माझ्यावाचून चालणार आहे, म्हणून मी येऊ शकते.

कळावे. लोभ असो वा नसो, दार उघडायला तू स्वतः ये.

तुझी,
ताई